हिरव्या गाडीचा हीटर

आमच्या घरात एक नियम होता. काकांच्या हिरव्या गाडीचा हीटर लावायचा नाही, आणि का लावायचा नाही हे विचारायचं नाही. आठ वर्षांची असताना मी एकदा विचारलं. आईनं माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि म्हणाली, "जेव गुपचूप." चमच्याशिवाय वरणभात कसा जेवायचा, हेही मग विचारायचं नव्हतं.

उत्तर मिळायचं ते वर्षातून एकदाच, संक्रांतीच्या रात्री. श्यामकांतकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समधून निवृत्त झालेले. कोलकात्यात बेहालातल्या आमच्या घरी जेवणं आटोपली की ते एकच दिवा ठेवायला लावत आणि आम्हा मुलांना समोर बसवत.

"माझ्या ओळखीचा एक माणूस होता," अशी सुरुवात. त्या माणसाकडे छप्पन सालची विलायती गाडी होती, गोदीतल्या लिलावात घेतलेली. तिची पहिली मालकीण एक मडम. थंडीनं गेली, पण जीव गाडीत राहिला. हीटर लावला की ती ऊब घ्यायला येई आणि आत बसलेल्याची ऊब घेऊन जाई. त्या माणसाची बायको तशी चांगली होती, पण न ऐकणारी. एका जानेवारीत तो दहा मिनिटांसाठी एका घरी वर गेला. खाली गाडीत मुलानं हट्ट धरला, थंडी वाजते म्हणून. तिनं हीटर लावला. चारही काचा बंद. दारं बंद. तो परत आला तर...

इथे काका थांबत. बराच वेळ.

तो माणूस कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती बायको म्हणजे कालिंदीकाकू. आणि हट्ट धरणारा तो सहा वर्षांचा मुलगा म्हणजे काकांचाच ऋषभ. तो दरवर्षी सतरंजीच्या कडेला बसून ही गोष्ट ऐकायचा. आता सव्वीस वर्षांचा आहे, सेक्टर फाइव्हमध्ये आयटीत नोकरी करतो. हिवाळ्यात स्वेटर घालत नाही. "मला थंडी वाजतच नाही," म्हणतो. वीस वर्षं म्हणतोय.

यंदा काकांच्या गुडघ्यांनी हात टेकले. त्यांनी जाहीर केलं की एकवीस तारखेच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत गाडी ऋषभ चालवेल. मग ते एका लग्नाला पुण्याला निघून गेले. त्या संध्याकाळी गच्चीवर ऋषभ मला म्हणाला, "देवू, मी नाही बसू शकत त्या गाडीत. मीच मारलं ना आईला."

बसचं तिकीट हरवल्यासारखं सांगितलं त्यानं. माझं डोकंच फिरलं.

"चार वर्षं मेकॅनिकल शिकले मी," मी म्हटलं. "हीटर म्हणजे काय माहितेय? इंजिनाचं गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि मागून पंखा वारा मारतो. त्यात मडम बसायला जागा नसते. आपण तो उघडू, दुरुस्त करू आणि लावून घरी येऊ."

"बाबांना कळलं तर?"

"ते सोमवारी येणार. किल्ली फ्रीजवर आहे."

शनिवार, १३ जानेवारी २०२४. दुपारी तीन वाजता मी गाडी खिदिरपूरला हाबुलदाच्या गॅरेजमध्ये नेली; ऋषभ मागून बसनं आला. आधी त्याचे वडील ही गाडी बघत, आता तो बघतो. हीटर म्हटल्यावर तो हसला. "दीदी, कोलकाता में हीटर? पंखा लगवाइए, पंखा!" पण बॉनेट उघडून डॅशबोर्डखालचा डबा त्यानं बाहेर काढला आणि त्याचं हसू गेलं. डबा खालून गंजून चाळणी झाला होता. त्या चाळणीवर आतून पत्र्याचा एक तुकडा रिव्हेट मारून बसवलेला होता. गरम पाण्याच्या नळ्या तारेनं आवळून बंद केलेल्या.

हाबुलदानं रिव्हेटवरून अंगठा फिरवला. "ये तो बाबा का हाथ है."

चहा आला, मातीच्या भांड्यात गार झाला. मी खोदून विचारल्यावर त्यानं सांगितलं. ते सगळं त्याच्यासमोर घडलं होतं, तेव्हा तो तिथेच कामाला होता. काकू गेली त्याच्या महिनाभर आधी त्याच्या वडिलांनी काकांना सांगितलं होतं की सायलेन्सरचा पाइप तडकलाय, धूर गंजलेल्या डब्यातून आत ओढला जाईल, पाइप बदला, तोवर इंजिन चालू ठेवून आत कुणी बसू नका. त्या धुरातल्या ज्या वायूनं माणूस मरतो, त्याला वासही नसतो. काका म्हणाले, पाइप ओरिजिनल आहे. रॅलीत ओरिजिनल भागांचे मार्क असतात. रॅली झाली की बघू.

"बौदी, तुमची काकू, गेल्यावर साहेब रात्री गाडी घेऊन आले," हाबुलदा म्हणाला. "पाइप जोडा, डबा बंद करा, कुणाला सांगू नका. बाबांनी ऐकलं. मरेपर्यंत म्हणायचे, ऐकायला नको होतं."

ऋषभनं विचारलं, "माझ्या बाबांनी इंजिन चालू का ठेवलं होतं त्या दिवशी?"

"डायनॅमो कमजोर होता. बंद केलं की लोकांना बोलावून धक्का मारायला लागायचा."

म्हणजे लोकांसमोर गाडीला धक्का मारायला लागू नये म्हणून. मी ऋषभकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "बागबाजार. बाबा पत्ते खेळायला वर गेले होते."

"दहा मिनिटं?"

"माहीत नाही गं. मी झोपलो."

हाबुलदानं नवा पाइप घातला, नवा डबा केला, नळ्या बदलल्या. मी हातात टॉर्च धरून प्रत्येक जोड स्वतः तपासला. शेवटी चारही काचा खालीवर करून बघितल्या. तीन चालल्या. मागची डावी वर गच्च रुतली होती. मी जोर लावला तर हँडल तुटून माझ्या हातात आलं. "छोडिए, दीदी. बीस साल से नहीं खुला," हाबुलदा म्हणाला. मी हँडल पिशवीत टाकलं.

रात्री अकरा वीसला आम्ही निघालो. या वेळी ऋषभ चालवत होता, मी शेजारी. माझेरहाटचा पूल उतरलो तेव्हा इंजिन तापलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. मी हीटर लावला.

आधी धुळीचा वास आला. मग पायांवर ऊब. समोरच्या काचेवरची वाफ खालून वर विरघळत गेली.

"देवू, गरम येतंय!" ऋषभ हसला. इतका मोकळा हसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "गरम येतंय, वेडे!"

"मग? मडम बसलीय का कुठे?"

"भाडं न देता बसली असेल तर उतरव."

तारातला मागे पडलं. डोक्यावर मेट्रोचा पूल, दोन्ही बाजूंना खांब, खांबांमध्ये धुकं. रस्त्यावर कुणी नाही. अकरा बेचाळीस. मी मोबाइलमध्ये बघितलं होतं.

तेव्हा आवाज आला.

मागून. किर्र... आणि थांबला.

ऋषभनं ऐकलं. मीही.

पुन्हा. किर्र... काचेचं हँडल फिरवताना येतो तसा. पण हळू. फार हळू. हातात जोर नसलेल्या माणसानं फिरवावं तसा. थोडं फिरवायचं. थांबायचं. पुन्हा...

माझ्या मानेवर गार वारा लागला.

मी पिशवीत हात घातला. हँडल तिथेच होतं. गार. माझ्या मुठीत.

किर्र...

ऋषभनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग आवाज नाही. काहीच नाही. मी मागे वळले. सीट रिकामी. मागची डावी काच खाली आली होती. अर्धवट. धुकं आत येत होतं.

ऋषभ उतरला. मागचं दार उघडलं नाही त्यानं. बाहेरून काचेवरच्या फटीत हात आडवा घातला. चार बोटं मावली. पाचवं नाही.

"तिनं माझं डोकं उचललं होतं," तो म्हणाला.

"कोणी?"

"आईनं. पुढून मागे आली ती. सीटवरून. पडत पडत... माझं तोंड इथे लावलं. म्हणाली, इथून श्वास घे. इथूनच घे, बाळा." त्याचा हात अजून फटीत होता. "सगळे म्हणायचे काचा बंद होत्या. मला वाटलं मला स्वप्न पडलं असेल... देवू, स्वप्न नव्हतं ते."



थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुझी शाल दे ना. थंडी वाजतेय."

रविवारी हाबुलदा घरी आला आणि त्यानं त्या दाराचं आतलं कव्हर खोललं. काच खालीवर करणाऱ्या चाकाला एकही दात शिल्लक नव्हता. दांडा गंजून दाराशी एकजीव झाला होता. ही काच खाली येऊच शकत नाही, तो म्हणाला, आणि आली असती तर पूर्ण खाली पडली असती, मध्येच थांबली नसती. तिला धरून ठेवणारं आत काहीच नाही. आम्ही तिघांनी जोर लावला. वर जाईना, खाली जाईना. हाबुलदानं कव्हर परत बसवलं, दाराला हात जोडले आणि चहा न घेता निघून गेला.

सोमवारी संक्रांत. काका सकाळी आले. गाडी झाकलेलीच होती. रात्री जेवणं झाली. शेजारच्या बोसकाकूंनी पाठवलेले तांदळाचे गोड पिठे आणि आईच्या तिळाच्या वड्या मध्ये ठेवल्या होत्या. एक दिवा. बाबा, आई, काका खुर्च्यांवर, आम्ही दोघं खाली.

"माझ्या ओळखीचा एक माणूस होता..." काकांनी सुरुवात केली.

"काका, यंदा मी सांगते," मी म्हटलं. "माझ्याही ओळखीचा एक माणूस आहे. त्याला ओरिजिनल पाइप फार आवडायचा."

आई म्हणाली, "देवयानी!" मी सगळं सांगितलं. तडकलेला पाइप सांगितला, पत्र्याचा तुकडा सांगितला, डायनॅमो सांगितला, बागबाजारचे पत्ते सांगितले. शनिवारची रात्र सांगितली. तो आवाज सांगितला. मग म्हटलं, "गाडी थांबवून बघितलं तर मागची डावी काच खाली आली होती."

किती, ते मी सांगितलं नाही. मी सांगणारच होते, एवढ्यात काका बोलले. आमच्याशी नाही. स्वतःशीच.

"चार बोटं."

ऋषभनं मान वर केली.

"वर कोणी केली होती, बाबा?" त्यानं विचारलं.

काकांचे ओठ हलले. "लोक जमायला लागले होते... पोलिस आले असते... काच उघडी म्हणजे धूर झाला हे कळलं असतं. तू लहान होतास रे. तुला काय..."

"मला काय?" ऋषभ म्हणाला. "मला वीस वर्षं तुम्ही सांगितलंत की मी हट्ट केला."

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, ते विचारतील, कुठली काच? कसला पाइप? त्यांनी विचारलं नाही. आईनंही नाही. दोघांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नावालाही नव्हतं. होती ती फक्त उघडं पडल्याची चीड.

बाबा उठले आणि त्यांनी दुसरा दिवा लावला. "पुरे झालं," ते म्हणाले. "दादाचं वय बघ, तब्येत बघ. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. आज इथे जे बोललं गेलं ते ह्या खोलीतच राहील. काकांच्या पाया पड आणि विषय संपव."

"पड गं," आई म्हणाली. "मोठे आहेत. दोन मिनिटांचं काम."

"नाही," मी म्हटलं.

"देवू, मी सांगतोय..."

"नाही, बाबा. पाया पडणार नाही आणि हे खोलीत ठेवणारही नाही. ती न ऐकणारी होती म्हणून गेली, असं तुम्ही तिघांनी मिळून सांगितलंत, तिच्याच मुलाला समोर बसवून. येत्या रविवारी ऋषभ गाडी रॅलीत नेणार आहे, हीटर लावून. ती काच तशीच राहणार आहे. कुणीही विचारू दे, एक काच उघडी का. मी कालिंदीकाकूचं नाव घेऊन सांगेन. तुमचंही नाव घेऊन सांगेन, काका."

आई बाबांकडे बघत राहिली. बाबा काकांकडे. काका जमिनीकडे. मी वाट बघितली, कुणीतरी निदान ओरडेल म्हणून.

ऋषभ उठला आणि त्यानं फ्रीजवरची किल्ली खिशात टाकली.