कालचं पाणी

फिस्स!

तपासनीस बाईंनी फवाऱ्याचा खटका दाबला आणि घरातली कोंडलेली शांतता मोडली. जुन्या रंगीत फडक्यावर ओला ठिपका उमटला. बघता बघता तिथला रंग उडाला.

"ब्लीचचं पाणी. बेताचं पातळ. कोण करतं?"

"मीच." पोरीच्या आईचा आवाज चढला. "रोज सकाळी मोजूनमापून. बाटलीवर तारीख टाकते. कालच्यात पुरेसा दम राहत नाही, म्हणून उरलेलं कामाच्या मावशी बाथरूमच्या जाळीत ओततात. नियम भिंतीवर चिकटवलेत! इतका जीव काढूनही माझी पोर आत खोकून बेजार झाली. डॉक्टर म्हणाले, विषारी वायू. मावशींनी काहीतरी मिसळलं, दुसरं काय? दिलं काढून. पण सासऱ्यांना पटत नाही, म्हणून हा तपास. एकदाचं सिद्ध करा!"

"ॲसिड!" बाईंचा थोरला भाऊ चुटकी वाजवत म्हणाला. तो प्रत्येक तपासात बाईंच्या सोबत असायचा आणि प्रत्येक तपासात घाई करायचा.

"दादा, कपाटं तूच उपसलीस ना? सापडलं ॲसिड?"

"नाही."

"मग? बरं, बाथरूमचा खालचा नळ पाहिलास? घरातल्या बाकी नळांवर क्षारांची पांढरी पुटं, आणि हा एकटा नवरीसारखा नटलेला."

"घासला असेल मावशींनी."

चौकशीला बोलावलेल्या मावशी दारातच उभ्या होत्या. बस म्हटलं तरी बसल्या नव्हत्या.

"मी नाही घासला. नऊला आले, कालची अर्धी बाटली जाळीत ओतली नि कपडे वाळत घालायला गेले. सव्वानऊला पोरगी आत गेली. सहा वर्षं न्हाऊ घातलंय मी तिला." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आता बोभाटा झालाय. कुणी दारात उभं करीना."

"खिडकी?"

"ती मी लावली होती," सासरे कानकोंडे होऊन म्हणाले. "गार वारं येत होतं. बाकी तिथल्या घासापुशीशी माझं काही काम नाही. हा गुडघा वाकतो कुठे! स्टुलावर बसून अंघोळ करतो. आणि त्या दिवशी सगळंच उफराटं. दुपारी काकडीवर घालायला व्हिनेगर शोधलं, तर बाटली रिकामी. आदल्या दिवशीच आणलेली!"

बाईंनी चष्मा पुसला.

"संपलं, दादा. क्षार नुसते घासून निघत नाहीत. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवावं लागतं. मावशी आल्यापासून पोर आत जाईपर्यंत पंधराच मिनिटं. म्हणजे हे काम नऊच्या आधीचं. घरात मोठी माणसं दोनच, त्यात आजोबांना वाकता येत नाही. राहिलं कोण?"

सगळ्यांच्या नजरा आईकडे वळल्या.

"पण व्हिनेगर खायची वस्तू आहे हो!" ती कळवळली. "पोरीसाठी औषधं नकोत, म्हणूनच तर ते वापरलं."

"उरलेलं?"

"जाळीत ओतलं. तेवढ्यात ऑफिसची मीटिंग सुरू झाली… वरून पाणी सोडायचं राहिलं."

"आणि मावशींनी त्यावर ब्लीच ओतलं. तुमच्याच नियमाने."

"पण कालच्यात दम नसतो ना?" दादा पुटपुटला.

"कमी होतो, संपत नाही. बंद खोलीला तेवढा पुरला. ब्लीच आणि व्हिनेगर, एकेकटे गुणी. एकत्र आले की माणसाचा गळा धरतात. ब्लीचमध्ये साध्या पाण्याखेरीज काही जाता कामा नये. भिंतीवर अकरा नियम आहेत, ताई. हा नाही."

आईला हसावं की रडावं कळेना. अकरा नियम! एकेक लिहिताना पोर मांडीवर झोपलेली असायची. आणि चूक निघाली ती त्याच हातांची.

 

एवढा वेळ आजोबांना टेकून ऐकत असलेली पोर पुढे आली. तिने आधी मावशींकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, मावशीचं चुकलं म्हणून तू तिला काढलंस ना? मग आता तुला कोण काढणार?"