उभ्या ट्रकचा आकडा

त्या यार्डात प्रत्येक मालवाहू ट्रकला वायरलेस सेट होता. चालत्या ट्रकांमधला संपर्क किती वेळ टिकेल, हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम यार्डाच्या ऑफिसात बसणाऱ्या थोरल्याने लिहिला होता. हिशोब सरळ होता. कोण कुठल्या दिशेला, किती वेगाने चाललंय, त्यावरून संपर्क कधी तुटणार ते ठरायचं. दोघेही जागचे हलत नसतील, तर पडद्यावर 'कायम' एवढंच यायचं.

म्हणूनच दुपारच्या सुट्टीत, खिडकीखाली धाकट्याचा ट्रक इंजिन बंद करून उभा असताना, हातातल्या सेटवर त्या ट्रकशी संपर्काचा दहा मिनिटांचा आकडा दिसला तेव्हा प्रोग्रॅममध्ये चूक राहिली असं समजून थोरला स्वतःवरच चिडला. बाकीच्या उभ्या ट्रकांपुढे 'कायम' होतं. याच्यापुढचा आकडा मात्र उतरत होता.

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. वडील गेले तेव्हा तो आला नाही, आणि तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. काम एकाच यार्डात, पण समोरासमोर आले की एकजण वाट बदलायचा.

थोरल्याने सेटची बॅटरी काढून टेबलावर ठेवली. पडदा विझला नाही. आकडा उतरतच राहिला.

धाकट्याच्या जिवाचं काही बरंवाईट होणार की काय? मानापमान गेला खड्ड्यात, असं म्हणत तो सेट घेऊन धावत खाली गेला.

धाकटा केबिनमध्ये डबा खात होता. चांगला धडधाकट. थोरला न विचारताच शेजारी चढून बसला आणि छातीत दुखतंय का, चक्कर येतेय का, असं काहीबाही विचारत सुटला. धाकटा हसला. आज सूर्य कुठून उगवलाय, म्हणाला.

बाहेर ऊन रणरणत होतं. केबिनच्या काचांवर मात्र आतून वाफ धरली होती.

"दादा," डब्याचं झाकण लावत धाकटा म्हणाला. ही हाक थोरल्याने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. "बाबा गेले तेव्हा मी का आलो नाही, हे तू कधी विचारलंच नाहीस."

"आता विचारतो. का नाही आलास?"

"बाबांनीच मला..."

पडद्यावर शून्य आलं.

बोलणारा थांबला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. तो जरा सावरून बसला.

"साहेब, काही काम होतं का?"

"नाही."

थोरला खाली उतरला. कुठल्याशा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये आपण कशाला चढलो होतो, हे त्याला आठवेना. डोळे कशाने ओले झाले, तेही कळेना. धूळ गेली असेल. हातातला सेट बंद पडला होता, तो त्याने दुरुस्तीला टाकला.

संध्याकाळी आईने ताट वाढलं आणि रोजच्यासारखं चाचरत विचारलं, आज तरी धाकट्याशी बोललास का.

त्याने घास हातातच धरून आठवायचा प्रयत्न केला.

"अजून राग गेला नाही ना तुझा?"

"कोणावरचा?" त्याने विचारलं.

आईने भाताचं पातेलं उचलून आत नेलं. इतकं कडू बोलणं तिने त्याच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं.