मधला डाग

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

माझ्या ताईच्या घरात बसून, तिच्या हातचा चहा पिऊन, तिच्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोललात.

ज्यांना ही करमणुकीची गोष्ट वाटेल त्यांनी पुढे वाचू नये. मी लेखक नाही. फोटो काढून पोट भरतो. लिहायला कुणी शिकवलं नाही, फोटो काढायलाही नाही. जे कॅमेऱ्यात आलं तेवढंच इथे उतरवतोय.

आणि भुतं रात्रीच दिसतात ही समजूत आधी डोक्यातून काढा.

मला जे दिसलं ते भर दुपारी दिसलं. डोक्यावर सूर्य... आणि माझी सावली माझ्याच पायाखाली दडलेली.

जागा म्हणजे शहरातली मोठी बाग. बागेच्या मागच्या टोकाला एक जुनं काचघर आहे. लोखंडी सांगाडा, हिरवट पडलेल्या काचा, आत दमट उकाडा. समोर हिरवळीचा तुकडा आणि त्याला लागून उंच भिंत.

त्या काचघराचे मुख्य माळी होते माझे दाजी. ताईचा नवरा.

दाजींची एक खोड होती. कुंडीला पाणी हवं की नको, हे ते बोटाच्या पेराने कुंडी वाजवून ठरवायचे.

टक्. टक्. टक्.

खणखणीत वाजली तर कोरडी. बद्द वाजली तर ओली. शंभर कुंड्यांची रांग अशी वाजवत जायचे, जणू प्रत्येकीचं दार ठोठावून ख्यालीखुशाली विचारताहेत. सवय हाडात मुरली होती. घरात डबा वाजवायचे, टेबल वाजवायचे. माझं डोकंही सोडलं नाही.

"मेहुणेबुवा, एकदम खणखणीत! आत थेंब नाही!"

"आणि तुमचं वाजवून बघा की," ताई आतून ओरडायची. "भोपळा आहे नुसता!"

असं घर होतं ते.

मग एका संध्याकाळी दाजी घरी आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बागेचा सगळा कारभार पाहणारे. माणूस वजनदार, बोलणं मधासारखं.

"मी स्वतः त्यांना फाटकातून बाहेर जाताना पाहिलं," साहेब म्हणाले. "हातात बॅग होती." मग खाली बघून, फार जड जातंय अशा आवाजात, "एकटे नव्हते."

एकटे नव्हते.

दोन शब्द. तेवढ्या दोन शब्दांत माझ्या बहिणीच्या संसाराचं वाटोळं झालं.

"मला थोरला भाऊ समजा," साहेब म्हणाले. "आणि काही दिवस बागेकडे फिरकू नका. लोक बोलतात. शिवाय मागे कामही चाललंय."

ताईने दाजींचा फोटो भिंतीवरून उतरवला. खिळा तसाच राहिला. त्या दिवसापासून त्या घरात कुणी काही वाजवलं नाही. हातातून चमचा पडला तरी ताई दचकायची, आणि मग स्वतःवरच चिडायची.

"मेलेलं परवडलं असतं," एकदा म्हणाली. "रडता तरी आलं असतं. या माणसाने मला तेवढंही ठेवलं नाही."

वर्षं गेली. मी इन्फ्रारेड फोटोंत शिरलो.

हे प्रकरण काय ते थोडक्यात सांगतो. डोळ्याला न दिसणारा उजेड पकडायचा. त्यासाठी डिजिटल कॅमेऱ्यातली एक चिमुकली काच काढून टाकावी लागते. मग आभाळ काळं येतं आणि झाडं बर्फासारखी पांढरी. जिवंत पान पांढरं, वाळलेलं करडं. माणसाची कातडी मेणासारखी, डोळे नुसते काळे खड्डे. आणि याला रात्र नाही, कडक ऊन लागतं. दुपार म्हणजे पर्वणी.

एक दिवस साहेबांचा फोन आला. बागेचं पुस्तक काढायचंय, म्हणाले. तुझे पांढऱ्या झाडांचे फोटो कुणीतरी दाखवले, आपलं घरचं पोरगं आहे, तूच कर.

आपलं घरचं पोरगं!

मी हुरळलो. ताईसुद्धा म्हणाली, "जा रे छोट्या. पडत्या काळात तेवढा एकच माणूस दारात आला होता."

काचघर समोरून पूर्ण घ्यायचं तर वाइड लेन्सच हवी. मागे सरकायला जागा नाही, पाठ भिंतीला टेकते. माझ्याकडे एक वाइड झूम होती. हिरवळीच्या बरोबर मध्ये काचघराचं दार धरलं आणि फोटो काढला.

झकास. पांढरी हिरवळ, काळं आभाळ, मध्ये काचेचा महाल.

फक्त फोटोच्या मधोमध... हिरवळीवर... एक पांढरा डाग.

वाटोळा. कडा धूसर. भोवतीच्या गवतापेक्षाही पांढरा.

मी मान वर करून पाहिलं. समोर नुसतं गवत होतं.

पण तेव्हा एक गोष्ट जाणवली. वाटेवर चिमण्या टिपत होत्या. झाडावर कलकलाट होता. त्या गवतावर मात्र एकही पाखरू उतरत नव्हतं. उडत यायची... आणि कडेवरूनच वळायची.

आणि काचघराच्या बाजूने आवाज आला.

टक्. टक्. टक्.

उन्हाने काचा ताणल्या असतील. मी स्वतःला म्हणालो.

लेन्स घेऊन मी गरुडाकडे गेलो. गरुड म्हणजे जुन्या लेन्सा विकणारे काका. बाटलीच्या बुडासारखा चष्मा, म्हणून टवाळांनी ठेवलेलं नाव. पण लेन्सचा रोग त्यांना न बघता कळतो.

"हॉटस्पॉट," फोटो नाकाला लावत काका म्हणाले. "साध्या फोटोत या लेन्सा शहाण्या असतात. इन्फ्रारेड दाखवलं की नखरे सुरू. आतल्या आत उजेड आपटतो आणि मध्ये गोळा होतो. अॅपर्चर किती ठेवलंस?"

"सोळा."

"मग होणारच, शहाण्या! भोक बारीक केलंस की डाग घट्ट होतो. आठच्या पुढे जाऊ नकोस. आणि ही झूम ठेव घरी शोभेला. ही घे, जुनी, हाताने फोकस करायची. हिला तो रोग नाही."

दुसऱ्या दुपारी ती लावली. अॅपर्चर आठ. तीच जागा, तेच दार मध्ये.

डाग होता.

पण आता वाटोळा नव्हता. उभा झाला होता.

मी अॅपर्चर उघडलं. साडेपाच... चार... हॉटस्पॉट असता तर विरघळला असता.

तो जास्त स्पष्ट झाला.

टक्. टक्. टक्.

या वेळी आवाज काचेचा नव्हता. मातीचा होता. खणखणीत... कोरडा. पुन्हा काकांकडे गेलो. या खेपेला काका हसले नाहीत. फोटो बराच वेळ पाहत राहिले. मग तिसरी लेन्स काढून दिली, त्यांची स्वतःची, विकायची नसलेली.

"या लेन्समध्ये आजपर्यंत कधी डाग आला नाही," ते म्हणाले. "आणि एक कर. तू गाढवासारखा दर वेळी तीच फ्रेम धरतोस. दार मध्ये, डाग मध्ये. मग दोष काचेचा की जागेचा हे कळणार कसं? कॅमेरा डावीकडे फिरव. डाग मध्येच राहिला तर लेन्स खराब."

"आणि नाही राहिला तर?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तर मला येऊन सांगू नकोस."

शेंबड्या पोरालाही सुचावी एवढी साधी चाचणी. मला सुचली नव्हती, कारण फोटोच्या मध्ये डाग आला की दोष लेन्सचाच, हे आमच्या धंद्यात सगळे डोळे मिटून मानतात.

त्याच दिवशी साहेबांचा फोन आला.

"काम कुठवर आलं?"

"सुरू आहे, साहेब."

"घाई नाही. फक्त तो मधला डाग तेवढा साफ करून पाठव."

मी हो म्हणालो. फोन ठेवणार... आणि हात थांबला.

"कोणता डाग, साहेब? मी तर अजून एकही फोटो पाठवलेला नाही."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तिथे सगळ्यांच्याच फोटोत येतो तो," साहेब म्हणाले.

फोन बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रायपॉड लावला. काकांची लेन्स. कॅमेऱ्याला हातही लागू नये म्हणून रिमोट घेतला. पहिला फोटो नेहमीसारखा. डाग मध्ये, उभा.

कॅमेरा डावीकडे फिरवला. दार फोटोच्या उजव्या कडेला गेलं.

डागही दारासोबत कडेला गेला.

लेन्समध्ये दोष नव्हता. तिथे काहीतरी होतं.

वाइड लेन्सचा एक गुण आहे. लांबच्याला मुंगी करते, जवळ येणाऱ्याला राक्षस. पुढच्या फोटोत डाग जरा मोठा आला.

त्याच्या पुढच्यात आणखी मोठा.

मी स्क्रीनवरून मान उचलायचो... समोर रिकामं गवत. मान खाली घालायचो... तो पुढे आलेला. खांदे दिसत होते. एक हात कोपरात वाकवलेला. बोटं मुडपलेली, पेरं पुढे.

दार ठोठावणाऱ्या माणसासारखी.

शेवटच्या फोटोत फक्त पांढरं होतं. कडेपासून कडेपर्यंत. त्यात दोन काळे खड्डे.

आणि ट्रायपॉडच्या पायाशी, जमिनीखालून...

टक्. टक्. टक्.

मी खाली बसलो. का बसलो, सांगता येत नाही. पळायला हवं होतं. बोटाच्या पेराने मी गवतावर वाजवलं. माती बद्द वाजायला हवी.

पोकळ वाजली.

आणि खालून कुणीतरी उत्तर दिलं.

कॅमेरा उचलून मी थेट ताईकडे गेलो. तिला काही सांगितलं नाही. फक्त पहिला फोटो पुढे ठेवला, बिनडागाचा करून.

ताईने डागाचीच जागा बघितली.

"इथला हौद कुठे गेला?" तिने विचारलं.

"कसला हौद?"

"अरे, काचघरासमोरचा! झाऱ्या भरायचा. मी डबा घेऊन जायची तेव्हा हे त्याच्या कठड्यावर बसून जेवायचे. खोल होता चांगला." ती थांबली. तोंडाचा रंग उडाला. "छोट्या... ते काम चाललंय म्हणाले होते... बागेत येऊ नका म्हणाले होते..."

तिने फोटो माझ्या हातात परत दिला आणि पायात चपला सरकवल्या.

पोलिस ठाण्यात गेलो. सगळे फोटो दिले. तिथल्या अधिकाऱ्याने मला माझ्याच तोंडून वदवून घेतलं की हो, इन्फ्रारेडमध्ये लेन्सला असा डाग येतो.

"मग झालं तर," तो म्हणाला. "लेन्स बदला."

ते फोटो तिथून साहेबांच्या टेबलावर कसे पोचले, ते देवाला ठाऊक आणि साहेबांना. काचघरासमोरची जागा 'दुरुस्तीसाठी बंद' झाली. हिरवळीवर फरशी बसली. आणि बागेचं पुस्तक थाटात निघालं. मुखपृष्ठावर माझा फोटो. खाली माझं नाव नाही. डाग साफ केलेला. कारागीर हुशार होता, गवताचं पातं न् पातं जुळवलं होतं.

ताईने ते पुस्तक मांडीवर घेतलं. बराच वेळ बोट फिरवत होती. गवतावरून नाही. काचांवरून.

"हे बघ," ती म्हणाली.

गवतावरचं सगळं पुसलं होतं. पण काचघराच्या काचांत पडलेलं प्रतिबिंब पुसायचं राहून गेलं होतं.

एका काचेत पाठ. शेजारच्या काचेत वाकवलेला हात. मुडपलेली बोटं.

"हे कुठेही गेले नव्हते," ताई म्हणाली. "कुणाबरोबरही गेले नव्हते."

इतक्या वर्षांनी ती त्या दिवशी रडली. मग उठली, कपाटातून दाजींचा फोटो काढला, पुसला आणि त्याच खिळ्याला लावला.

तेव्हापासून तिच्या गॅलरीतल्या कुंड्या दुपारी वाजतात. ती घाबरत नाही. उठते आणि पाणी घालते. मी मात्र दुपारी तिच्या घरी जात नाही. काकांची लेन्स परत केली. त्यांनी ती हातात घेतली नाही, "ठेव तिथे," म्हणाले. तिथेच आहे अजून, झाकण लावून.

मला सगळं कळलेलं नाही. डाग काय होता, मी सांगू शकत नाही. माझ्याच लोकांनी मला वेड्यात काढलंय. काढू देत.

पण साहेब, तुम्ही ही पानं वाचता हे मला माहीत आहे. तुम्हाला डाग माहीत होता. काम मलाच का दिलंत? घरचं पोरगं उपकाराखाली दबलेलं, मुकाट्याने पुसून देईल म्हणून?

ती फरशी उखडा. ताईसमोर उखडा.

तेवढी हिंमत नसेल तर एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. माझ्या बहिणीला उत्तर द्या, तिच्या दारात येऊन, जसे तेव्हा आला होतात तसे.

हौद बुजवत होतात तेव्हा... आतून कुणी वाजवत होतं का?