दुकानात चालतं, घरी बंद पडतं

गुळगुळीत फरशीवर चाकं फिरल्याचा तो आवाज त्याने ऐकला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. घरर्... आणि मग थांबल्याची हलकी टक. त्याच्या दुकानात आजही चाकाची खुर्ची नाही. कुणी विचारलंच तर, पाठ दुखते, म्हणून सांगतो.

तेव्हाही तो कॉम्प्युटरच दुरुस्त करायचा. गल्लीच्या टोकाला एक मावशी एकटी राहायची. नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. एकुलती एक लेक दूरदेशी, आणि त्या दुपारी लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी ती आईशी कॉम्प्युटरवर बोलणार होती. इकडे ब्राउझर उघडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद.

"तिचा धीर सुटलाय, भाऊ. आज माझं तोंड तिला दिसलं नाही, तर..." मावशीने पुढचं गिळलं.

हेच मशीन तो पूर्वी दुकानात घेऊन गेला होता. तिथे दिवसभर बिनतक्रार चाललं. घरी आणलं, पुन्हा तेच.

"तुझ्याकडे गुणी बाळ," मावशी म्हणाली, "आणि घरी आलं की ह्यांच्यासारखं तोंड फिरवतं."

तो हसला आणि टेबलापाशी बसला. खुर्ची तिच्या नवऱ्याची, चाकांची, बसून बसून मधे खोलगट झालेली. बैठक कोमट लागली. ऊन आलं असेल म्हणून त्याने खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता.

जुनी पानं आपोआप उघडत होती, ती थांबवली. ब्राउझरला जोडलेली बारीकसारीक एक्स्टेन्शनं काढून टाकली. शेवटी ब्राउझरच पुसून नव्याने टाकला. उघडला... बंद. खोलीत तेलाचा मंद वास येत होता, केसांना लावतात तसा. मावशीचे केस तर कोरडे होते.

मागची वायर बघायला तो उठला. खुर्ची भिंतीपर्यंत सरकवली. वायर दाबून उभ्याउभ्याच बटण दाबलं.

ब्राउझर उघडला. उघडाच राहिला.

"झालं की रे बाबा..." मावशीने सुस्कारा सोडला.

खात्री करायला त्याने खुर्ची ओढली, बसला. बंद. उठला, उघडला. बसला... बंद. त्याच्या मानेवर काटा आला. दुकानात त्याला बसायला जागाच नव्हती. तिथे तो सगळं काम उभ्याने करायचा.

मावशी हे बघत होती.

"ह्यांना खपायचं नाही," ती हळूच म्हणाली. "त्यांच्या जागेवर कुणी बसलेलं."

"मावशी, वायर ढिली असेल..."

"असेल. तू ती खुर्ची भिंतीला लाव. मी उभ्यानेच बोलते. पोरगी वाट बघत असेल."

त्याने खुर्ची भिंतीला टेकवली, कॉम्प्युटरवरून लेकीला व्हिडिओ कॉल लावला. घंटी वाजत होती, तेवढ्यात मागून आवाज आला. घरर्... टक.

खुर्ची टेबलाशी येऊन थांबली होती. दोघंही तिच्यापासून लांब उभे होते. मावशीने पदर सावरला, खुर्चीच्या मागे गेली आणि पाठीवर दोन्ही हात ठेवले, जपून, खांद्यांवर ठेवावेत तसे.

पडद्यावर लेक आली. दवाखान्याचे कपडे, चेहरा ओढलेला.

"आई, अशी मागे का उभी? बस ना."

"जागा नाही गं," मावशी म्हणाली.

लेकीची नजर आईवरून खाली उतरली. रिकाम्या खुर्चीवर, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तिथे येऊन स्थिरावली. मग ती ऐकायला लागली. मधूनच मान हलवायची. एकदा अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "हो... पण डॉक्टर म्हणतात, भीती नाही..." आणि पुन्हा ऐकत राहिली.

त्याला काही ऐकू येत नव्हतं. कॉम्प्युटरचा पंखा तेवढा घुमत होता.

लेकीच्या मागचं दार उघडलं. नर्स तिला न्यायला आली होती.

"काय म्हणाले गं ते?" मावशीने विचारलं. तिचा आवाज चिरकला. "बाळा, काय म्हणाले? जा म्हणाले, की नको म्हणाले?"

लेकीने आईकडे पाहिलं. मनगटावरची दवाखान्याची पट्टी सोडवावी तशी तिची बोटं तिथे घुटमळली. मग ती उठली, आणि आईला उत्तर न देताच नर्सच्या मागून चालत निघून गेली.