ऐकणारा आत, ऐकणारा बाहेर

डोळे मिटा बरं क्षणभर. मिटलेत? आता एक भिंत डोळ्यांसमोर आणा. जुनी, दगडी, पुरुषभर उंचीची. भिंतीच्या पलीकडे विद्यापीठ आहे आणि अलीकडे एक चिंचोळी गल्ली. भुरभुर पाऊस पडतोय. आणि त्या भिंतीला नाक चिकटवून एक तरुण उभा आहे. हलत नाही की डुलत नाही. कॉलर भिजून मानेला चिकटलीय, पण त्याचं तिकडे लक्षच नाही.

गल्लीच्या टोकाकडून एका छत्रीत दोघी येताहेत. धाकटी सात वर्षांची. पाय कधी जमिनीवर ठरत नाहीत, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. मोठी तिची आत्या. आपणही तिला आत्याच म्हणू या. पण ही आत्या काही पिकल्या केसांची नाही हं! ऐन पंचविशीतली आहे, आणि हसू दाबलं की तिच्या डाव्या गालाला खळी पडते.

"आत्या, बघ बघ! तो काका भिंतीचा पापा घेतोय!"

"श्श! हळू बोल, कार्टे."

पण त्यानं ऐकलं होतं. तो वळला. नाकाच्या शेंड्यावर हिरवट धूळ, गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग.

"क्षमा करा," एकेक शब्द निवडून घेत तो म्हणाला. "आपण भिंत बघतो. आपण वेडे नाही."

"मी नाहीच आहे मुळी," भिंगरी म्हणाली. "तू तुझं बोल!"

आत्याच्या गालाला खळी पडली. तिनं छत्री थोडी पुढे केली, त्याच्या डोक्यावर.

"छत्री का नाही आणली तुम्ही? आमच्याकडे या दिवसांत कधीही पाऊस येतो."

"आमच्याकडे..." त्यानं तो शब्द गोळीसारखा तोंडात घोळवला. "चांगला शब्द. मी ठेवून घेतो."

त्यानं तो खरोखरच ठेवून घेतला. कसा, ते पुढे येईलच.

आत्याचं काम मोठं मजेचं होतं. दूरदूरच्या देशांतून विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलांना ती इथं रुळायला मदत करायची. खोली कुठे मिळेल, कुठली बस धरायची, खोकल्याचं औषध कसं मागायचं, आणि समोरचा माणूस गोड हसून "बघू या हं" म्हणाला की त्याचा अर्थ "नाही" असतो, हे सगळं ती शिकवायची. नव्या मुलांच्या पहिल्या सभेला त्या दिवशी एकच खुर्ची रिकामी राहिली होती. त्या खुर्चीचा मालक भिंतीला नाक लावून उभा होता, हे तिला दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला तेव्हा समजलं.

त्याचा अभ्यास दगडफुलांचा. जुन्या भिंतींवर, झाडांच्या सालींवर राखाडी-पोपटी चट्टे असतात ना, तेच. भिंगरीनं त्याचं नाव ठेवलं भिंगवाला. "माझ्या नावात पण भिंग आहे," ती म्हणाली, आणि दोघांची गट्टी जमली ती जमलीच.

भिंगवाल्याची भाषा पुस्तकातून शिकलेली. सगळं नीट, पण एका ठिकाणी गाडी हटकून रुळावरून घसरायची. एकदा तो आपल्या मार्गदर्शक बाईंकडे गेला. बाई म्हणजे केस पांढरे, नजर करडी. वसतिगृहात त्याच्यासोबत आणखी एक मुलगा राहत होता आणि खिडकीची काच फुटली होती, एवढंच त्याला सांगायचं होतं. तो अदबीनं म्हणाला, "बाई, आपण रात्री एका खोलीत झोपतो. आपल्याला फार थंडी वाजते."

बाईंच्या हातातला कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

बाईंनी आत्याला फोन केला. "अगं, तुझ्या त्या पोराला 'आम्ही' म्हणायला शिकव. माझी अब्रू जायची वेळ आलीय!"

आत्या टेबलावर डोकं ठेवून पोटभर हसली. आणि शिकवणीचं काम भिंगरीनं आपणहून अंगावर घेतलं. शाळा सुटली की आई न्यायला येईपर्यंत ती आत्याच्या विद्यापीठातल्या खोलीतच असायची. तिनं फळ्याजवळचा खडू उचलला आणि फरशीवर एक वर्तुळ काढलं.

"ये, आत ये. आता तू आणि मी आत आहोत. मी तुझ्याशीच बोलतेय आणि तूही आत. म्हणजे 'आपण'. कळलं? आता बाहेर हो. आत्या, तू आत ये. आता मी तुला सांगते, 'आम्ही गोळ्या खाणार.' म्हणजे तुला गोळी नाही."

"अरेरे," भिंगवाला म्हणाला.

"ऐकणारा आत, तर आपण. ऐकणारा बाहेर, तर आम्ही. सोप्पं आहे."

"माझ्या भाषेत दोन्हीला एकच शब्द."

"मग गोळी कुणाला मिळणार, ते कळतं कसं?"

"कळत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हणून तर भांडणं होतात."

त्यानंतर तो घसरला नाही. भिंगरीनं त्याला मग नाती शिकवली. आईची बहीण मावशी, बाबांची बहीण आत्या, आत्याचा नवरा आतोबा.

"आणि तुझे आतोबा कुठे आहेत?" त्यानं साळसूदपणे विचारलं.

"आमच्याकडे अजून आणले नाहीत," भिंगरी म्हणाली. "आत्याला पसंतच पडत नाहीत."

"भिंगरे!" आत्याचे कान लाल झाले. तिनं उगीचच कपाट उघडलं... आणि उगीचच बंद केलं.

"कसे हवेत?" भिंगवाल्यानं कपाटाला विचारल्यासारखं विचारलं.

"तोंड बंद ठेवणारे," आत्या म्हणाली.

"मी भिंतींशी बोलतो. पुष्कळ सराव आहे."

दिवस असे सरकत गेले. कामावरून सुटल्यावर आत्याची वाट आपोआप त्या गल्लीतून जाऊ लागली. तसा तिथून घरी जायला वळसाच पडायचा. एका कोरड्या, उन्हाच्या दिवशी त्यानं भिंतीवरचा एक सुकलेला चट्टा दाखवला. राखेसारखा.

"मेलंय वाटतं," आत्या म्हणाली.

त्यानं बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन एक थेंब तिथं टेकवला आणि गळ्यातलं भिंग तिच्या डोळ्यापुढे धरलं. दोरी आखूड होती, त्यामुळे त्याला बरंच जवळ यावं लागलं. बघता बघता त्या राखेतून हिरवा रंग वर आला. कोवळा, लख्ख.

"मेलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "वाट बघत होतं."

आत्या भिंगातून बघतच राहिली. बघण्यासारखं जे होतं ते केव्हाच बघून झालं होतं, तरीही.

"ही खरं तर दोन जणं आहेत," तो सांगू लागला. "एक बुरशी, एक शैवाल. एक घर देते, दुसरं अन्न. दोघं मिळून दगडावरसुद्धा जगतात."

"मग ती 'आम्ही' म्हणत असतील की 'आपण'?"

"एकमेकांशी बोलताना आपण." तो थांबला. "आणि तुम्ही?"

आत्यानं घड्याळ बघितलं. "उशीर झाला... वहिनी वाट बघत असेल."

वहिनी खरंच वाट बघत होती, आणि वहिनीला डोळे होते. "वन्सं," रात्री भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "तुमची ती मुलं म्हणजे पाखरं. दाणे टिपतात आणि उडून जातात. जपा हो."

आत्याला हे माहीत का नव्हतं? तिच्या टेबलाच्या खणात निरोपाच्या भेटींचा ढीग होता. किल्ल्यांच्या साखळ्या, रंगीत दगड, हात हलवणाऱ्यांचे फोटो. दरवर्षी ती नवी मुलं आणायला जायची आणि जुनी मुलं सोडायला. सोडून परत येताना बसमध्ये शेजारची जागा रिकामी असायची. म्हणून तिनं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. मदत हात आखडता न घेता करायची, पण जीव मात्र आखडून ठेवायचा.

आणि मग वर्ष संपत आलं. मार्गदर्शक बाईंनी भिंगवाल्याला आणखी दोन वर्षं संशोधनासाठी राहायला सांगितलं. "विचार कर आणि उद्या दुपारी उत्तर दे," म्हणाल्या.

तो तडक आत्याच्या खोलीत आला. भिंगरी कोपऱ्यात चित्र रंगवत होती.

"मी राहू का?" त्यानं विचारलं.

आत्यानं हातातल्या पेनाला टोपण लावलं. "तुमचा अभ्यास चांगला चाललाय..."

"अभ्यासाचं नाही विचारत. आई फोनवर एकच प्रश्न विचारते, तिथं तुझं कोण आहे? मला उत्तर देता येत नाही. तुम्ही सांगा... राहू?"

आत्यानं तोंड उघडलं. ओठांवर आलं होतं हो! पण तिला बसमधली ती रिकामी जागा आठवली. तिनं टेबलावरचे कागद सारखे केले.

"आमच्याकडे असे निर्णय ज्याचे त्यानंच घ्यायचे असतात," ती म्हणाली.

भिंगवाल्यानं फळ्याजवळचा खडू घेतला, गुडघ्यावर बसला आणि आत्याच्या टेबल-खुर्चीभोवती एक वर्तुळ काढलं. आत आत्या. बाहेर तो.

"आमच्याकडे पाऊस येतो. आमच्याकडे रांग मोडत नाहीत. आमच्याकडे बोलताना आवाज चढवत नाहीत," तो म्हणाला. रागानं नाही, एखादी जुनी जखम दाखवावी तसा. "तुम्ही मला खोली दिलीत, भाषा दिलीत, सगळं सगळं दिलंत. पण वर्षभर मी ऐकणारा आहे, आणि वर्षभर मी बाहेर आहे. आता व्याकरण येतं ना मला, म्हणून कळतं."

त्यानं खडू जागेवर ठेवला आणि दार हलकेच ओढून घेतलं.

भिंगरी उठून वर्तुळाशी आली. "आत्या," ती म्हणाली, "तू त्याला गोळी नाही दिलीस."

त्या रात्री आत्याला झोप लागली नाही. चुकीचा शब्द तो वापरत होता म्हणून सगळे हसले होते. ती बरोबर शब्द वापरत होती, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं जेवणाचा डबा तसाच ठेवला, शाळेतून भिंगरीला घेतलं आणि जवळजवळ धावतच गल्ली गाठली. रस्ताभर ती मनात वाक्यं जुळवत होती. चांगली, लांब, पुस्तकात शोभतील अशी.

तो भिंतीपाशीच होता, पण आज त्याचं नाक भिंतीला नव्हतं. नुसताच उभा होता. भुरभुर सुरू झाली होती आणि त्याचे केस कपाळाला चिकटले होते. ते बघितलं मात्र, आणि जुळवलेलं एकूणएक वाक्य आत्याच्या डोक्यातून पळालं. तिनं रागारागानं छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

"पुन्हा छत्री नाही! किती वेळा सांगायचं? आपल्याकडे या दिवसांत कधीही पाऊस येतो!"

तो वळला. "काय म्हणालात?"

"छत्री..."

"त्याच्या पुढे."

आत्याला तेव्हा कुठे कळलं, आपण काय बोलून गेलो ते. छत्रीवर थेंब टपटपत होते.

"आपल्याकडे," ती म्हणाली.

"चुकून?"

"आधी चुकून." तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं. "आता व्याकरणानं."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "मग बाईंना काय सांगू?"

"राहतो म्हणून सांग."

"सांग? काल 'तुम्ही' होतो."

"काल बाहेर होतास."

"आणि आईला? ती आज पुन्हा विचारेल, तिथं तुझं कोण आहे..."

"सांग... आपलं माणूस आहे म्हणून." एवढं बोलून आत्यानं मान खाली घातली. पण खळी काही लपली नाही, आणि छत्रीचा दांडा आता दोन हातांनी धरलेला होता. त्यातला एकच तिचा होता.

भिंगरी हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. तिनं खिशातून खडू काढला आणि जमिनीवर घासला. ओल्या दगडावर तो उमटेना. मग तिनं खडू खिशात टाकला, बुटाची टाच गल्लीच्या कडेच्या ओल्या मातीत रुतवली आणि त्या दोघांभोवती ओढत निघाली. जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून, भिंतीपासून भिंतीपर्यंत. वर्तुळ पुरं झालं. मग तिच्या लक्षात आलं, की आपण तर बाहेरच राहिलो!

तिनं क्षणभर विचार केला, दोन पावलं मागे गेली, धाडकन आत उडी मारली आणि छत्रीखाली घुसत कोपरानं भिंगवाल्याला ढोसलं.

"आतोबा, सरक ना जरा... आपल्याला जागा कमी पडतेय!"