पहिल्या बाकावरची साखळी

मी लिफ्ट दुरुस्त करतो. दोर, ब्रेक, पुली, दारांचे खटके. या धंद्यात अंदाजाला जागा नसते. आवाज येत असेल तर कुठून येतो ते शोधायचं, सापडेपर्यंत शोधायचं, आणि सापडतोच. इतक्या वर्षांत न सापडलेला आवाज मला आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी हळव्या मनाचा समजणार नाही.

माझी बायको चर्चवाली. मी कुठलाच नाही. लग्नात फादरनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुम्ही माणसं वर नेता म्हणे?" मी हो म्हटलं. "माझाही तोच धंदा," ते म्हणाले, "फक्त तुमच्याकडे गॅरंटी असते." तेव्हापासून आमचं जमलं. रविवारी मी बायकोला चर्चच्या दाराशी सोडायचो आणि समोर चहा पीत बसायचो. एका बाजूला टेलरबाईंचं दुकान, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाल्याची टपरी, मध्ये ते चर्च. दार उघडं असलं की रस्त्यावरून थेट वेदीपर्यंत दिसायचं. गायकवृंदात बायकोचा आवाज सगळ्यांत मोठा आणि बराचसा बेसूर. मला रस्त्यापलीकडून ओळखू यायचा.

देवाचं मला काही कळत नव्हतं, पण त्या माणसांचं कौतुक मला पहिल्यापासून होतं. कुणाच्या घरी मयत झाली तर रडारड थांबायच्या आत अंगणात खुर्च्या लागलेल्या असायच्या. कुणी लावल्या, कुणी आणल्या, पत्ता लागायचा नाही. बाळंतिणीच्या दाराशी जेवणाचे डबे, म्हाताऱ्यांच्या औषधांच्या फेऱ्या, सगळं न बोलता व्हायचं. मी एकदा सासूबाईंना म्हटलं, "आई, एवढी माणसं सांभाळता, यादी तरी करा." त्या म्हणाल्या, "यादी केली की माणसं यादीवर भार टाकतात. आमच्याकडे नुसतं लक्ष ठेवायचं असतं."

मग बायको आजारी पडली. साधा ताप म्हणता म्हणता एका सकाळी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मला ओळखेनाशी झाली. दवाखान्यात कळलं, ताप मेंदूत गेलाय. संध्याकाळपर्यंत ती बेशुद्ध. डॉक्टर तरुण होते, प्रामाणिक होते. म्हणाले, "औषध चालू आहे. आता वाट बघायची."

मी घरी आलो तर घराची किल्ली आधीच टेलरबाईंकडे गेली होती. मुलीची वेणी घातलेली, गृहपाठ झालेला. त्यांच्या चर्चमधल्या बेकरीवाल्याने पाव ठेवला होता आणि वर निरोप, की सकाळी शाळेत मुलीला तोच सोडेल. मी आभार मानायला लागलो तर टेलरबाई म्हणाल्या, "दादा, गप्प बसा आणि जेवा."

साखळी सुरू केली सासूबाईंनी. त्यांच्यातली ती जुनी रीत. कुणी जिवावरच्या दुखण्यात पडलं की चर्चच्या पहिल्या बाकापाशी एकाने गुडघे टेकून बसायचं, तास झाला की दुसरा येणार. दुसऱ्याने मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा, मग पहिल्याने उठायचं. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. दिवसभर ती जागा रिकामी राहता कामा नये. अंधार पडला की साखळी घरोघरी जायची आणि सकाळी परत चर्चमध्ये यायची.

"एक तास तुम्ही बसाल?" सासूबाईंनी विचारलं. "गायकवृंदाच्या मास्तरांना खोकला झालाय, दुपारचा तास मोकळा पडतोय."

"आई, मला प्रार्थना येत नाही."

"गुडघे टेकता येतात ना? बाकीचं होईल."

मी गेलो. बाहेर उन्हाचा चटका होता, आत लाकडाच्या पॉलिशचा आणि विझलेल्या मेणाचा वास. पहिल्या बाकावर बेकरीवाला होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बोटांना पीठ लागलं. तो उठून गेला. मी बसलो. डोक्यावर पंखा टकटक करत होता; त्याचं एक पातं सैल होतं, तेवढं मला कळलं. बाकी काय करावं ते सुचेना, म्हणून मी लिफ्टच्या दोरांचा विचार करत राहिलो. लिफ्टला एक दोर कधीच नसतो. चार-सहा असतात, आणि त्यातला कुठलाही एक सगळं वजन पेलू शकतो. तरी सगळे लावतात. असं का, ते मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट समजल्यासारखं वाटलं.

मग खांद्यावर हात पडला. रुंद, जड, आणि ओला असावा तसा गार. शर्टातून गारवा आत उतरला. मी रीतीप्रमाणे उठलो आणि मागे न बघता चालू लागलो.

दारात टेलरबाई भेटल्या, धापा टाकत. "एक गिऱ्हाईक उठेचना हो. उशीर झाला. तुम्ही उठलात कसे?"

"कुणीतरी आलं ना माझ्यामागे."

त्यांनी आत पाहिलं. मीही वळलो. पहिल्या बाकावर कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. मळखाऊ रंगाचा सदरा, वाकलेली पाठ. बाई की पुरुष ते कळत नव्हतं.

"बरं झालं," टेलरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. पदराने घाम पुसला. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"कोण आहे ते?"

"आपल्यातलंच कुणीतरी."

त्या पुढे गेल्या आणि त्या खांद्यावर हात ठेवला. ती आकृती उठली आणि बाजूच्या दाराकडे गेली. चाल सावकाश, पण पाय ओढत नव्हती. मी बाहेरून वळसा घालून पळतच बाजूच्या दाराशी गेलो. तिथे इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता.

"आत्ता इथून कोण बाहेर आलं?"

"इथून?" तो हसला. "साहेब, सकाळीच रंग दिलाय दाराला. हात लावाल तर चिकटाल."

दाराच्या फटीवरून रंगाचा एकसलग थर गेला होता. कुठे तडा नव्हता. मी बोट लावून पाहिलं. ओला होता.

सासूबाई रात्रीचं जेवण वाढत होत्या, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"उशीर होतो कधी कुणाला," त्या म्हणाल्या. "माणसंच आहोत. पण जागा रिकामी राहत नाही. माझ्या सासूच्या दुखण्यातही राहिली नव्हती."

"पण कोण असतं ते?"

"मदतीला आलेल्याला तू कोण म्हणून विचारतात का?" मग माझ्याकडे बघून जरा नरम आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका. आणि चेहरा बघायला जाऊ नका. तेवढं पाळा."

बायकोची तब्येत उतरतच गेली. एका सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आज दुपारपर्यंत ताप खाली यायला हवा," ते म्हणाले. "घरचं कुणाला आणायचं असेल तर आणा." मला खोलीबाहेर काढून त्यांनी पडदा ओढला. मी सासूबाईंना आणायला निघालो.

चर्चच्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी दोरी बांधली होती. जमिनीखालची गॅसची पाइप फुटली होती. तो उग्र वास रस्त्यावरच येत होता. दुकानं, घरं, सगळं रिकामं केलेलं. गॅस कोंडू नये म्हणून चर्चची दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून आतल्या माणसांनाही बाहेर काढलं होतं. दोरीअलीकडे सगळी ओळखीची मंडळी उभी होती. फादर, बेकरीवाला, पांढऱ्याफटक चेहऱ्याच्या सासूबाई.

टेलरबाई रडत होत्या. "मला हाताला धरून उठवलं हो. माझ्या मागे कुणी नव्हतं. जागा रिकामी सोडून आले मी."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांचा निरोप मला सांगावा लागला नाही.

"मग इथेच," त्या म्हणाल्या.

आणि गुडघे दुखतात म्हणून घरात पाटावरही न बसणारी ती बाई डांबरी रस्त्यावर गुडघे टेकून बसली. टेलरबाईंनी मागे बसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्यामागे फादर, फादरांच्या मागे खोकणारे मास्तर. एकेक जण बसत गेला. इस्त्रीवाला त्यांच्या धर्माचाही नव्हता, तोही बसला. भर उन्हात, रस्त्यात. कुणी कुणाला सांगितलं नाही. पोलीस काही बोलायला पुढे आला आणि टोपी काढून तसाच मागे सरकला. मी आयुष्यात एवढं देखणं काही पाहिलेलं नाही. शेवटी बेकरीवाला बसला, आणि त्याच्यामागे मी. माझ्यामागे कुणी नव्हतं.

मी मान वर केली आणि गल्लीच्या टोकाशी उघड्या दारातून चर्चच्या आत पाहिलं.

बाकं भरलेली होती.

पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पाठीच पाठी. सगळ्या वाकलेल्या, सगळ्या मळखाऊ रंगाच्या. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर.

मी इतरांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. फक्त तो पोलीस त्या दाराकडे बघत होता, तोंड किंचित उघडं.

"आत किती माणसं राहिली आहेत?" त्याने विचारलं.

तोंडाला मुखवटा लावलेला अग्निशमन दलाचा माणूस आत शिरला. बाकांच्या मधून चालत वेदीपर्यंत गेला, डावीउजवीकडे बघत. परत आला. दोरीपाशी येऊन मुखवटा काढून म्हणाला, "कोणी नाही आत."

त्याच्या पाठीमागे बाकं तशीच भरलेली होती.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला.

रुंद. जड. गार.

मी वळून बघितलं नाही.

फोन वाजेपर्यंत तो हात तिथेच होता. फोन दवाखान्यातून होता. ताप उतरला होता. तिने डोळे उघडले होते आणि मुलीची शाळा सुटली का, असं विचारलं होतं.

सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरून आम्ही रिक्षात बसवलं. त्यांचे गुडघे सोलवटले होते. त्या वाटभर हसत होत्या आणि रडत होत्या. मीही.

बायको उशीला टेकून पडली होती, गालफडं बसलेली, पण नजर तिचीच. मला बघून म्हणाली, "दाढी कर." सासूबाईंनी तिचा हात घेतला तो सोडलाच नाही. मी त्यांना तसंच बसू दिलं आणि पाणी आणायला बाहेर आलो.

नर्सने मला गाठलं. चांगली बाई होती, इतके दिवस तिने बायकोचं सगळं केलं होतं. पण आता वैतागली होती.

"आनंद आहे, मान्य आहे," ती म्हणाली. "पण पेशंटजवळ एकाच माणसाला परवानगी असते. दुपारभर तुमची एवढी माणसं, जिन्यापर्यंत रांग. बोलतही नाहीत, हलतही नाहीत. मला औषधाची गाडी नेता येईना."

मी म्हटलं, "आमची माणसं सगळी तिकडे होती. चर्चपाशी."

"मग ती कोण?" तिने कोपऱ्यातल्या खोलीकडे बोट दाखवलं. "आता तिकडे शिरलीत सगळी. त्या आजोबांना तर कुणीच नाही. दाखल केल्यापासून एक माणूस भेटायला आलेला नाही."

मी त्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत एकच खाट होती आणि तिच्यावर एक वाळलेला म्हातारा. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते, पण चेहरा कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. मग त्याने हसून अंग चोरलं आणि भिंतीकडे सरकून खाटेवर कुणासाठी तरी जागा केली.

मोकळ्या झालेल्या कडेची गादी हळूच खाली दबली.