समोरची नळी

"एका बाजूला ओझं घातलंस, दुसऱ्या बाजूला काय घातलंस रं?"

घोड्यावर बिऱ्हाड लादताना बाप असा ओरडायचा. मेंढरं गेली, बापही गेला. आवाज तेवढा भुजंगच्या कानात राहिला. सेलूच्या केसांच्या दवाखान्यात रक्त फिरवायचं यंत्र दिसलं अन् तो पुन्हा घुमला. का, ते त्याला उमगेना; बापाचं ते वाक्य तो मोठ्यानंच बोलून गेला.

शेजारी त्याचा पुतण्या हरिओम टोपी कपाळावर ओढून उभा. काल दुपारी इथंच त्यानं पीआरपी करून घेतलं होतं. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात गरगरा फिरवायचं अन् वर आलेला पिवळा प्लाझ्मा टाळूत टोचायचा, की केस धरतात म्हणे. लग्न महिन्यावर आलेलं. आज सकाळी गोळ्यांची पुडी उघडली, तर आत चिठ्ठी: 'तुमच्या डोक्यात दुसऱ्याचं रक्त गेलंय. लवकर तपासा.'

"ताई, कुणाचं असंल? काय रोग असंल त्याला?" हरिओमनं विचारलं.

दैवशाला, परभणीची खाजगी तपासनीस, खोटा दिलासा देत नसे. "आधी डॉक्टरांना विचारू."

डॉक्टर दिनकररावांनी उकाड्यानं बाह्या दंडापर्यंत सारल्या होत्या. हात स्वच्छ, कुठं ओरखडा नाही. "काल हा एकच पेशंट. समोरच्या खाचेत पाण्याची नळी ठेवतो, वजन सारखं राहायला. नाहीतर यंत्र थडथडतं."

"सुई कोण भरतं?"

"रेणुका, माझी मदतनीस. गोळ्याही तीच बांधते. मी फक्त टोचतो."

रेणुका आली. ओढणी कपाळावर घट्ट, बाह्या मनगटापर्यंत, डावा हात पोटाशी.

"पाणीच ठेवलं होतं मी. कुणाचा तरी चावटपणा असंल."

"हरिओम, खुर्चीतून काय दिसलं?"

"दोन नळ्या निघाल्या. दोन्हीत खाली लाल, वर पिवळं."

भुजंग हसला. "दोन्ही तुझ्याच की, लेका!"

"माझं एकाच नळीत घेतलं, काका."

भुजंगचं हसू जागीच थिजलं.

"भुजंगराव, तुमचा बाप बरोबर विचारायचा," दैवशाला म्हणाली. "दुसऱ्या बाजूला काय घातलं? पाणी दिवसभर फिरवा, लाल तळ धरत न्हाई. तिथं रक्त होतं. पेशंट तर एकच. डॉक्टरांच्या हाताला सुईची खूण न्हाई. पुडी बांधणारी अन् सुई भरणारी एकच. अन् असल्या उन्हाळ्यात हात कोण झाकून ठेवतं? रेणुका, केस तुझे चाललेत ना?"

ओढणी घसरली. भांग दुधना नदीच्या उन्हाळी पात्रासारखा रुंद झालेला.

"पाण्याच्या जागी माझंच रक्त फिरवायचे, अन् डॉक्टर जेवायला गेले की आरशात बघून टोचून घ्यायचे. माझ्या नळीला शाईचा ठिपका होता. काल घाई झाली. मागं उरलेली नळी बघितली, तर ठिपकाच न्हाई. म्हणजे सुईत माझीच नळी भरली गेली."

"पण 'लवकर' का लिहिलंस?"

रेणुकानं ओढणी पुन्हा कपाळावर ओढली.

"बोल की गं माय!" हरिओम पुढं सरकत म्हणाला.

"मला हिपॅटायटिस बी हाय, दादा. रक्तातली कावीळ. नोकरी जाईल म्हणून कुणालाच सांगितलं न्हाई." तिनं बाही वर सारली. "चोवीस तासांत त्याची लस अन् सुई घेतली तर बचाव होतो. दुपार व्हायच्या आत मोठ्या दवाखान्यात चला. मी येते संगं. सांगते तिथल्या डॉक्टरांना, रक्त माझं होतं."